पाणबुडी धक्क्याला असताना ड्यूटी आणि रजा कशी ठरते?

सिंदफणा

नमस्कार मंडळी. आपल्या बीड-परभणी-लातूर पट्ट्यातली पोरं आर्मीच्या जोडीनं आता नेव्हीतही जाऊ लागलीत, आणि त्यातली काही पाणबुडी शाखा मागून घेतात. घरच्यांचा सवाल मात्र ठरलेला: "बोट धक्क्याला लागून महिना झाला म्हणतो, मग लेकरू घरी कामून येत नाही?" पोरांना फोनवर सगळं सांगता येत नाही आणि घरच्यांना वाटतं काहीतरी लपवतोय. त्यातून गैरसमज होतात.

बंदरात असताना कामाचे तास कसे असतात, ड्यूटी किती दिवसांनी येते, रजा कोण ठरवतं, सोयाबीन काढणी किंवा येळवस (वेळ अमावास्येचा शेतातला सण) धरून रजा मागता येते का, हे नीट कुणी लिहील का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा, ऐकीव नको.

धागा-व्यवस्थापक

चर्चेआधी एक विनंती. कोणतीही बोट सध्या कुठं आहे, कधी आली, कधी निघणार, कोणत्या जेट्टीवर आहे, यातलं काही इथं लिहू नका. आपल्या माणसाचं नाव आणि बोटीचं नाव एकाच वाक्यात आलं तर प्रतिसाद काढला जाईल. रजा-ड्यूटीची पद्धत समजून घ्यायला यातलं काही लागत नाही.

कयाधू

गणितापासून सुरू करतो, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर साधारण ८ अधिकारी आणि ३५ नौसैनिक असतात. जुन्या सिंधुघोष वर्गावर पन्नासच्या आसपास. बोट धक्क्याला असली तरी तिला कुलूप लावून कुणी घरी जात नाही. आत बॅटरी आहे, डिझेल आहे, उच्च दाबाची हवा आहे, बऱ्याचदा टॉर्पेडोही असतात, आणि सगळा डोलारा पाण्यावर तरंगतोय. म्हणून क्रूचे तीन किंवा चार भाग पाडतात. एकेक भाग म्हणजे एकेक ड्यूटी वॉच. ज्याची ड्यूटी, तो त्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बोट सोडत नाही. बाकीचे दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी लिबर्टीला, म्हणजे बाहेर, जाऊ शकतात.

चार वॉच असतील तर ३० दिवसांत सात-आठ ड्यूट्या येतात. तीन असतील तर १०. दोनच उरले तर १५, म्हणजे एक दिवसाआड. ड्यूटी संपली की दुसरा दिवस मोकळा मिळेल असंही नसतं. रात्री दोनदा उठून राऊंड मारलेला माणूस सकाळी पुन्हा कामाला उभा असतो आणि संध्याकाळीच सुटतो.

आता खरी मेख. ४३ माणसांचे चार भाग केले की प्रत्येकात दहा-अकरा येतात, पण वॉच नुसत्या आकड्यानं भरत नाही. प्रत्येक वॉचमध्ये एक अधिकारी, बॅटरी आणि स्विचबोर्ड हाताळणारा इलेक्ट्रिकलवाला, पंप-व्हॉल्व्ह-हवा बघणारा मेकॅनिकल, शस्त्रांसाठी एक, वर केसिंगवर, म्हणजे बोटीच्या पाठीवर, पहारेकरी आणि एक स्वयंपाकी लागतोच. समजा बॅटरी स्वतंत्रपणे सांभाळू शकणारे चारच जण आहेत. एक कोर्सला गेला, एक रजेवर. राहिले दोन. बाकी अख्खी बोट चार वॉचमध्ये चाललेली असताना हे दोघे एक दिवसाआड ड्यूटी करतात. म्हणून एकाच बोटीवरची दोन पोरं घरी वेगवेगळं सांगतात, आणि दोघंही खरं सांगत असतात.

नवीन पोराचंही समजून घ्या. विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनमध्ये पाणबुडीचं शिक्षण झालं तरी बोटीवर आल्यावर प्रत्येक कप्पा, प्रत्येक यंत्रणा शिकून तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. तोवर तो कुणाच्या तरी हाताखाली ड्यूटी करतो, वॉचच्या हिशेबात पूर्ण माणूस धरला जात नाही. पहिल्या वर्षात पोरगा धक्क्यावर असूनही संध्याकाळी बोटीवरच बसून पाइपलाइनी आखत असेल तर त्याचं कारण हे. बिल्ला लवकर मिळाला की त्याचाच नव्हे, सगळ्या वॉचचा भार हलका होतो.

मांजराकाठ

कयाधूंनी इलेक्ट्रिकलवाल्यांचा उल्लेख केला, तर बॅटरीचं सविस्तर सांगतो. सुट्टीचं वेळापत्रक सगळ्यात जास्त तीच बिघडवते.

कलवरी वर्गात ३६० सेल आहेत, एकेक साडेसातशे किलोच्या घरात. गुणाकार केला तर २७० टन. धक्क्याला असताना किनाऱ्यावरची वीज घेऊन हे चार्ज करतात, कधी बोटीचं स्वतःचं डिझेल चालवूनही. सुरुवातीला करंट मोठा देता येतो. सेलचा व्होल्टेज वर गेला की आतलं पाणी फुटून हायड्रोजन सुटायला लागतो, तेव्हा करंट टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश आणि वायू सगळ्यात जास्त. पूर्ण चार्ज म्हणजे कित्येक तासांचं काम, दुपारी सुरू केलं तर रात्र जाते.

हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीनं पेट घेऊ शकतो. त्यामुळं मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवतात, पंखे सतत चालू, हायड्रोजनची नोंद ठराविक वेळानं, निवडक सेलचं तापमान आणि आम्लाची घनता लिहून ठेवायची. पंखा बंद पडला तर आधी चार्जिंग बंद, मग पंख्याकडं बघायचं. हा क्रम उलटा झाला की अपघात होतो. चार्ज चालू असेपर्यंत बोटीत वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. म्हणजे डॉकयार्डचे कामगार आलेले असले तरी त्यांचं गरम काम थांबतं आणि ते पुढच्या दिवसावर जातं.

"मग अर्धा चार्ज करून घरी जावं, उरलेलं सोमवारी" असं कुणी विचारेल. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अर्धवट चार्जवर ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची घटते. ती क्षमता पाण्याखाली जीव वाचवणारी आहे. शिवाय सेलमध्ये शुद्ध पाणी भरणं, वरचा भाग पुसून कोरडा ठेवणं हेही त्याच माणसांचं काम. आम्लाचा ओलावा राहिला तर इन्सुलेशन उतरतं. आणि खारं पाणी बॅटरीच्या खणात शिरलं तर क्लोरीन तयार होतो, बंद जागेत तो सगळ्यात वाईट.

म्हणून शनिवारी रात्री फोन लागला नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा चार्ज चालू असतो आणि माणूस खाली असतो.

तेरणा

मांजराकाठ, उत्तम लिहिलंत. यात आत-बाहेर करायच्या झाकणांची, म्हणजे हॅचची बाजू जोडतो, कारण ड्यूटी वॉच कमी का करता येत नाही हे त्यातून नीट कळतं.

समुद्रात पाणबुडी बंद डबा असते. धक्क्याला आली की तीच उघडी होते. वरच्या हॅचमधून विजेची केबल आत जाते, हवेचे नळ जातात, कधी पाण्याचे पाइप. या केबलींमुळं हॅच चटकन बंद होत नाही. दोन जुनी उदाहरणं इथं सांगावीच लागतील. १५ मे १९६९ रोजी अमेरिकेची गिटारो ही पाणबुडी कॅलिफोर्नियात बांधणी चालू असताना धक्क्यालाच बुडाली. दोन वेगवेगळे गट एकमेकांना न कळवता टाक्यांमध्ये पाणी भरत होते, बोट पुढून खाली गेली, उघड्या हॅचमधून पाणी शिरलं, आणि आडव्या आलेल्या केबली-नळांमुळं हॅच वेळेत लागले नाहीत. १ जुलै १९७१ ला ब्रिटिश नौदलाची आर्टेमिस गॉस्पोर्टला धक्क्याशीच बुडाली. आत अडकलेले तिघं नंतर सुटकेच्या हॅचमधून बाहेर आले. दोन्ही बोटी बंदरात होत्या, शत्रू नव्हता, वादळ नव्हतं.

यातून जे नियम आले ते ड्यूटी वॉच रोज पाळतो. पुढचा आणि मागचा ड्राफ्ट, म्हणजे बोट किती पाण्यात बुडालीय तो आकडा, ठराविक वेळानं वाचायचा. आदल्या आकड्याशी जुळत नसेल तर कारण सापडेपर्यंत झोप नाही. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, पाणी वाढतंय का ते बघायचं. हॅचमधून जाणारी प्रत्येक केबल झटकन सुटेल अशी जोडायची आणि ती कोण सोडणार हे ड्यूटी लागतानाच ठरवायचं. टाकीत पाणी-तेल भरायचं तर ड्यूटी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय एकही व्हॉल्व्ह हलवायचा नाही.

मुंबईत आणखी एक काम वाढतं. उधाणाच्या वेळी तिथं भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. विशाखापट्टणमला तो दोन मीटरच्या आतच राहतो. जिथं पाणी असं चढतं-उतरतं, तिथं दोर ढिले-ताठ करणं, गँगवे (धक्क्यावरून बोटीवर जायची फळी) सरकवणं आणि केबलीला झोल ठेवणं रात्रीही करावं लागतं. दोर ताठच राहिला तर ओहोटीला बोट त्यावर लटकते आणि दोर तुटतो. पावसाळ्यात हॅचवर ताडपत्रीचं छत बांधायचं काम वेगळंच.

पूर्णा

धक्क्याला आल्यावर "आराम" असतो हा समज दिवसाची कामं पाहिली की जातो. समुद्रात असताना जे बिघडलं त्याची यादी आधीच तयार असते. काही दुरुस्त्या क्रूच करतो, त्या काळाला एसएमपी म्हणतात. डॉकयार्डची मदत लागते तो काळ एएमपी. त्याहून मोठं काम म्हणजे रिफिट.

दुरुस्तीच्या काळात क्रूचं मुख्य काम काय, तर यंत्रणा वेगळी करून देणं. पंप खोलायचा तर त्याची वीज बंद, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, प्रत्येकावर लाल टॅग, आणि टॅग कुणी लावला त्याची वहीत नोंद. बोटीखाली पाणबुडे उतरणार असतील तर प्रोपेलर आणि सोनार (आवाजावरून शोध घेणारं यंत्र) हेही असेच टॅग करून बंद ठेवायचे. डिझेल किंवा दारूगोळा चढवताना लाल झेंडा वर, आगीची टोळी तयार, आणि त्या दिवशी लिबर्टी उशिरा. टॉर्पेडो चढवायचा दिवस तर जवळपास सगळ्यांचाच.

रेशन भरणंही हातानंच. हॅचमधून पोतं, खोकं, डबे एकेकानं पुढच्याला द्यायचे. पुठ्ठे बाहेरच काढून टाकतात, कारण पुठ्ठ्यातून झुरळं येतात आणि आत कचरा वाढतो. आणि चढलेली प्रत्येक वस्तू वजनासह लिहायची: किती किलो, कोणत्या कप्प्यात. हा हिशेब चुकला तर पाण्याखाली बोटीचा तोल, ज्याला ट्रिम म्हणतात, बिघडतो. आपल्याकडं ट्रॉलीत ऊस एका बाजूला जास्त पडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथं ती ट्रॉली पाण्याखाली तोलायची असते.

मन्याड

छान माहिती. मी रजेवर लिहिते, घरच्यांचे बहुतेक फोन त्यावरच असतात.

नौसैनिकाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस, आजारपणाची रजा डॉक्टरच्या सल्ल्यावर वेगळी. हे आकडे ऐकून घरचे हिशेब मांडतात की तीन महिने सुट्टी पक्की. रजा देय असणं आणि ती हव्या तारखेला मिळणं यात मात्र फरक आहे. नैमित्तिक रजा त्याच वर्षात संपवावी लागते, पुढच्या वर्षात जात नाही. त्यामुळं डिसेंबरमध्ये ती मागणाऱ्यांची गर्दी होते. आणि त्याच महिन्यात ४ तारखेला नौदल दिन, ८ तारखेला पाणबुडी दिन. आपली पहिली पाणबुडी, म्हणजे जुनी कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली, तो हा दिवस. म्हणजे मागणारे जास्त आणि सुटू शकणारे कमी.

दुसरी गोष्ट नोटीस. बोटीला किती वेळात निघायला तयार राहायचंय त्याला नोटीस म्हणतात. ती काही तासांची असेल तर माणूस शहर सोडू शकत नाही, मग रविवार असो की पाडवा. मुंबईहून नांदेड रेल्वेनं सहाशे किलोमीटरच्या घरात आहे, चार तासांत परत पोचणं होत नाही. नोटीस दिवसांवर गेली की नैमित्तिक रजा सुटू लागते. लांब दुरुस्ती लागली की वार्षिक रजा सुटते, तीही सहसा दोन तुकड्यांत. पहिली तुकडी परत आल्यावर दुसरी जाते. पहिल्या तुकडीतल्या एकानं उशीर केला तर दुसऱ्या तुकडीतल्या कुणाची तरी गाडी सुटते. रजा संपूनही न येणं हा नौदल कायदा, १९५७ खाली गुन्हा आहेच, पण त्याआधी तो आपल्याच सोबत्यावर अन्याय आहे. "अजून दोन दिवस राहा की" असा आग्रह घरच्यांनी करू नये, ही हात जोडून विनंती.

सिंदफणा

मन्याडताई, हे मी जसंच्या तसं गावात वाचून दाखवणार. एक शंका. बाहेरच्या देशांत एका पाणबुडीला दोन क्रू असतात असं वाचलं. मग आपल्याकडं का नाही?

कयाधू

ते मुख्यतः अण्वस्त्रवाहू अणुपाणबुड्यांसाठी. अमेरिकेत निळा आणि सोनेरी असे दोन क्रू असतात, फ्रान्समध्ये निळा आणि लाल. ओहायो वर्गाची बोट सरासरी ७७ दिवस समुद्रात आणि मग ३५ दिवस बंदरात दुरुस्तीला असते. बोट बदलत नाही, माणसं बदलतात. अणुभट्टीला इंधनासाठी परतावं लागत नाही, त्यामुळं थकणारी गोष्ट फक्त माणूस उरते, म्हणून दुसरा क्रू परवडतो. डिझेल-इलेक्ट्रिक बोटीवर सहसा एकच क्रू असतो. तिच्यासाठी दुसरा क्रू उभा करायचा तर तितकेच बिल्लेवाले लोक तयार पाहिजेत, आणि ते घडवायला वर्षं लागतात.

मात्र माणसाच्या थकव्याकडं दुर्लक्ष करून चालत नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत धक्क्याला असलेल्या आयएनएस सिंधुरक्षकवर स्फोट झाले आणि १८ जण गेले. क्रूच्या थकव्याचा अंदाज योग्य रीतीनं घेतला गेला नाही, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात नोंदलेला आहे. त्यामुळं बंदरातली विश्रांती हा लाड समजू नये. ड्यूटी उतरलेल्या पोरानं घरी फोन न करता आधी झोप काढली तर रागावू नका.

तेरणा

सहमत. त्यात एक जोडतो. वॉच बदलतानाचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा असतो. जाणाऱ्याला घाई असते आणि येणारा अजून बाहेरच्या विचारात असतो. वेल्डिंगचा परवाना जुन्या वॉचनं दिला, नव्याला माहीत नाही, आणि त्यानं चार्ज सुरू केला, असं होऊ शकतं. उपाय साधा आहे. वॉच बदलताना चालू असलेले सगळे परवाने बंद करायचे, नव्या अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन बघायचं आणि स्वतःच्या सहीनं पुन्हा उघडायचे.

रजेवर जातानाही तसंच. आपल्या नावावरचे लाल टॅग किती, कोणत्या किल्ल्या आपल्याकडं, कोणतं काम अर्धं, कोणता सुटा भाग मागवलेला, हे बदलीच्या माणसाला यंत्राशी उभं राहून दाखवायचं. कागद देऊन निघून जायचं नाही. एक टॅग विसरला तर रजेवरच्या माणसाला गावात फोन येतो, आणि तिकडं रेंज नसेल तर पंप दोन दिवस तसाच पडून राहतो.

मन्याड

सिंदफणाभाऊ, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं, काढणी आणि येळवस.

रजेचा आराखडा विभागात आधीच बनतो. ज्यानं कारण आणि तारीख लवकर सांगितली त्याचा विचार होतो. लग्न असेल तर तारीख धरण्याआधी पोराला विचारा आणि दोन तारखा हातात ठेवा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांच्याच घरी लग्नं असतात. सोयाबीन काढणीची तारीख पावसावर, ती आधी सांगता येत नाही, त्यामुळं त्यासाठी मजूर किंवा मळणीयंत्र धरून ठेवणंच बरं. येळवसची अमावास्या मात्र पंचांगात वर्षभर आधी कळते. ती कधी डिसेंबरात पडते, कधी जानेवारीत. जानेवारीत आली तर नवीन वर्षाची नैमित्तिक रजा हातात असते आणि मागणारेही कमी, तेव्हा मिळण्याची शक्यता जास्त.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा आला तर रजा थांबू शकते, बाहेर गेलेल्यांना परत बोलावलं जाऊ शकतं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट विशाखापट्टणमलाच धडकलं होतं. म्हणून दिवाळीचं तिकीट काढलं तरी मनाची तयारी ठेवा.

घरात कुणी अत्यवस्थ असेल तर पोराच्या मोबाइलवर विसंबू नका, तो बोटीत असेल तर लागणारच नाही. त्याचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, पूर्ण नाव आणि त्यानं दिलेला कार्यालयाचा फोन एका वहीत लिहून देवघराजवळ ठेवा. फोन केल्यावर रुग्णाचं नाव, नातं, दवाखाना आणि डॉक्टरचा नंबर सांगा. दवाखान्याच्या कागदाचा फोटो तयार ठेवा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि खोटं कारण कधीही सांगू नका. आजीला एकदा खोटंच अत्यवस्थ केलं की पुढं खरं असताना पोराला सुटणं अवघड जातं.

सिंदफणा

वहीचं लगेच करायला सांगतो. आणि विशाखापट्टणमहून यायला किती दिवस धरायचे?

पूर्णा

जाऊन-येऊन दोन-तीन दिवस रस्त्यातच धरा. नांदेडला विशाखापट्टणमहून थेट गाड्या आहेत पण त्या रोज नाहीत, म्हणून आधी गाडीचा वार बघायचा आणि त्यावर रजेची तारीख बसवायची. लातूर-धाराशिववाल्यांना कोणार्क एक्सप्रेसनं सोलापूरला उतरून पुढं बस बरी पडते. मुंबईवाल्यांना सोपं, जालना-परभणी-नांदेडला देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, आणि लातूरला रात्रीची लातूर एक्सप्रेस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वार्षिक रजेला रेल्वे वॉरंट मिळतं, ते तिकीट काढायच्या आधी घ्यायला सांगा.

परतीचं तिकीट हजर व्हायच्या आदल्या दिवशी पोचेल असंच काढा. रजा संपायच्या सकाळी सातला पोचणारी गाडी पकडली आणि ती काझीपेठला चार तास अडकली तर रजेचा दिवस नुसताच वाया जात नाही, त्या दिवशीची ड्यूटी दुसऱ्याच्या अंगावर पडते.